खाडीच्या सात बाटल्या

१

तीन दिवस झाले, शालूच्या कालवणाला मीठ नव्हतं.

अगदीच नव्हतं म्हणावं तर तसंही नाही. शहरातल्या एखाद्या माणसानं ते कालवण बोटं चाटत खाल्लं असतं. पण चंद्रभागाची जीभ डोंबिवलीच्या खाडीकाठच्या त्या कोळीवाड्यात दोन गोष्टींसाठी नावाजलेली होती. एक म्हणजे ती कुणाला सोडायची नाही. आणि दुसरी म्हणजे बोंबलाचा एक तुकडा तोंडात टाकला की तो किती दिवसांचा आहे, हे ती घडाघडा सांगायची. सुनेचं अळणी रांधणं अशा जिभेपुढं किती दिवस टिकणार?

शुक्रवारी ती गप्प बसली. शनिवारी ताट पुढं सरकवून म्हणाली, "कुनी आजारी हाय का घरात? पथ्याचं केलंस ते?" रविवारी सकाळी मात्र तिनं भाकरीचा तुकडा कालवणात बुडवला, तोंडात टाकला आणि तसाच ताटात काढून ठेवला.

"मिठाचं मडकं फुटलं काय गं?"

"नाय, आई."

"मग हात का आखडतेस?"

"पुरवून वापरते. तुमच्या माहेरचं मीठ ते. संपलं तर परत कुठनं आनायचं?"

या उत्तरानं चंद्रभागा जराशी निवळली. मीठ होतंच तसं. कोपरीला तिच्या बापाचं मिठागर होतं. बापामागून भाऊ दर साल एक गोण धाडायचा. दोन वर्षांपूर्वी मिठागर भराव घालून बुजवलं, त्याच पावसात भाऊ गेला, आणि मागं उरलं ते हे एक मडकं. करड्या रंगाचं, खड्याखड्यात काळ्या मातीचा कण असलेलं मीठ. पुडीतल्या मिठाला त्या घरात बंदी होती. "त्याला ना वास, ना वंश," असं चंद्रभागा म्हणायची, आणि ती म्हणायची म्हणजे संपलंच.

पण एका गोष्टीवर निवळली म्हणून दुसरी सोडील ती चंद्रभागा कसली.

"आनि हे हात गं? शिमग्याला अजून अकरा दिवस हायेत. गावात हळद नाय, साखरपुडा नाय, आनि तू मनगटापर्यंत मेंदी थापून बसलीस. नक्षी तरी काढायची! नखांसकट नुसता लेप. भिंत सारवली काय?"

शालूनं हात पदराखाली घेतले.

"भाकरीलापन बोटं उमटलीत बघ. तांदळाची भाकरी पांढरी असते, ही जांभळी झालीय कडेला."

"आमसुलाचा हात लागला असंल."

"आमसुलाचा? कालवनात तर आमसूल लागलं नाय कुठं."

शालू काही बोलणार तेवढ्यात अंगणातून हाक आली. "चंद्रभागाबाई! आहात ना? बाटल्या बघून घेऊ एकदा, उद्याची तयारी!"

भाऊ मास्तर आले होते, आणि त्यांच्यामागं निम्मा कोळीवाडा.

२

त्या बाटल्यांसाठी सगळ्यांचा जीव टांगणीला लागला होता.

दोन वर्षांत खाडीनं कोळीवाड्याचं पोट मारलं होतं. खाडीनं कशाला, वरच्या अंगाला रंगाचा एक कारखाना होता त्यानं. त्याचा नाला कोळीवाड्याच्या वरच खाडीला मिळायचा. ओहोटी लागली की कारखान्याची झडप उघडायची आणि नाला जांभळा होऊन वाहायचा. खाडीचं पाणी ते सगळं ओढून समुद्राकडं न्यायचं आणि भरतीला परत सारं स्वच्छ. कोणी साहेब बघायला आला तर तो नेमका भरतीच्या वेळेला यायचा. आणि त्याला काहीच दिसायचं नाही. निवट्या गेल्या, कोळंबी गेली. चंद्रभागाचा मुलगा दामाजी आता चार-चार दिवस वसईच्या अंगाला दुसऱ्याच्या होडीवर जात होता.

मग एक्क्याण्णव सालच्या सुरुवातीला खाडी बचाव समिती निघाली. स्टेशनजवळच्या सोसायटीत राहणारे भाऊ मास्तर, शाळेतून निवृत्त झालेले, ते चिटणीस. खाडीला लागून जमीन असलेला गोपीनाथ अध्यक्ष. आणि चंद्रभागा कोण? ती कोणीच नव्हती, पण तिच्याशिवाय समितीचं पान हलत नव्हतं. पाणी कधी भरायचं ते तिनंच सांगितलं. "मास्तर, तुमचं घड्याळ ठेवा खिशात. अष्टमीला या दुपारी, नवमीला त्याच्यानंतर घटका-दोन घटकांनी." दुसरी यत्ता शिकलेली बाई तिथीवरून ओहोटी सांगत होती आणि मास्तर वहीत उतरवून घेत होते. सात ओहोट्यांच्या सात बाटल्या भरल्या. काळपट हिरव्या काचेच्या. प्रत्येकीच्या गळ्यात मास्तरांनी चिठ्ठी बांधली आणि चिठ्ठीवर साक्षीदार म्हणून चंद्रभागाचा अंगठा घेतला. बाटल्या तिच्या घरात, देवाच्या फळीखाली, माशाच्या लाकडी खोक्यात गोणपाटाखाली ठेवल्या.

आणि तेवढ्यात समितीच्या तक्रारीवर सुनावणीची तारीख लागली. सोमवारी, अकरा वाजता, कल्याणला. तारीख लागली त्या दिवसापासून कारखान्याची झडप बंद. नाला असा निर्मळ वाहू लागला की पोरं त्यात पाय बुडवून बसू लागली. आता पुरावा म्हणून या जगात काय होतं ते त्या सात बाटल्यांत.

मास्तरांनी पहिली बाटली उचलली, चिठ्ठी वाचली, मान हलवली. "एकदा रंग बघून घेऊ," म्हणाले. शालूनं आतून स्टीलचा पेला आणून ओट्यावर ठेवला आणि लगेच मागं सरली.

पेल्यात पाणी पडलं. पेल्याचा तळ दिसला.

मास्तरांनी दुसरी बाटली उघडली, मग तिसरी. सातही बाटल्यांतलं पाणी विहिरीच्या पाण्यासारखं नितळ होतं.

मग शेजारची कांता, जिला बोलायला कारण लागत नाही, ती म्हणाली, "बाटल्या कुनाच्या घरात व्हत्या गं?"

चंद्रभागाच्या घरात होत्या. ते सगळ्यांना ठाऊक होतं, कांतालाही.

३

चाळीस वर्षं त्या बाईनं बाजारात तराजू धरला. मापात मारलं असं कोणी म्हटलं नव्हतं. आज तिच्या अंगणात, तिच्याच देवाच्या फळीखालून काढलेल्या बाटल्यांवरून माणसं एकमेकांकडं बघत होती. गोपीनाथ खाकरला. "काकी, तसं कोन काय बोलत नाय. पन कंपनीची मान्सं फिरतात घरोघर, आनि..."

"आनि काय? बोल ना. तुज्या तोंडात काय मुशी अडकलीय?"

"आनि लोक विचारतील."

"विचारू दे. दिवेलागनीला या सगळी इथंच. कुनी केलं त्याचं नाव मी सांगते. नाय सांगितलं तर उद्या कल्यानला मी येत नाय, आनि परवापासून बाजारातपन बसत नाय."

हे बोलून झाल्यावर आपण काय बोलून बसलो ते तिला कळलं. पण तोंडातून निघालेला शब्द परत गिळायची तिला सवय नव्हती.

माणसं गेली. मास्तर ओट्यावर तसेच बसून राहिले, डोकं धरून. चंद्रभागानं पेला उचलला, करंगळीचं टोक पाण्यात बुडवलं आणि जिभेला लावलं.

"अहो, काय करताय! विषारी असेल ते!"

"विष कुठलं? खारं हाय."

"खारं असणारच. खाडीचंच पाणी ना."

चंद्रभागानं त्यांच्याकडं बघितलं. शिकलेला माणूस, पण जिभेनं कोरडा. "मास्तर, आपन पानी भरलं कुठं? नाल्याच्या तोंडाशी, पुऱ्या ओहोटीला. तिथं खाडी कुठली? तिथं निस्ता नाला. ते पानी मी चाटलेलं. आंबूस लागतं, जीभ चरचरते. मीठ नाय त्यात चिमूटभर."

मास्तर सरळ बसले. "म्हणजे ज्यानं पाणी बदललं तो आपल्याबरोबर नाल्यावर कधी आलेला नाही."

"नाय तर येऊनपन चाटलेलं नाय. तुमच्यासारखं." ती त्यांच्यासमोर पाटावर बसली. "आता मला एक सांगा. बुधवारी तुम्ही कंपनीच्या जीपमदनं उतरलात पुलापाशी. कांतानं बघितलं. कांतानं बघितलं म्हंजे सगळ्या गावानं बघितलं."

मास्तरांचा चेहरा पडला. "मॅनेजरनं बोलावलं होतं. गेलो. वाटलं, समजुतीनं सांगून बघावं. चहासुद्धा घेतला नाही मी तिथं. येताना उन्हाचं म्हणून त्यांनीच सोडलं. तुम्हाला सांगायला हवं होतं. लाज वाटली."

"कसली?"

"तो हसला हो मला. म्हणाला, गुरुजी, तुमच्या बाटल्यांची काळजी तुम्ही करू नका."

चंद्रभागा उठून उभी राहिली. बुधवारीच मॅनेजरला माहीत होतं की बाटल्यांचं काहीतरी होणार आहे. म्हणजे माणूस तोवर ठरला होता. आणि तो मास्तर नव्हेत. मास्तरांना घरात साखर कुठं असते ते बायकोला विचारावं लागतं. ते पाण्यात मीठ कालवण्याच्या फंदात पडतील? आणि पाणीच बदलायचं असतं तर सात वेळा गुडघाभर चिखलात चप्पल हरवून ते भरलंच कशाला असतं?

तिनं एका बाटलीचा गळा धरला, पदराखाली घेतली, आणि गोपीनाथच्या घराकडं निघाली.

४

गोपीनाथचं घर खाडीला चिकटून. मागची पायरी उतरली की पाणी. नाल्याच्या अलीकडची त्याची जमीन कंपनीला हवी होती, हे उघड होतं. त्याला पुढच्या निवडणुकीत नगरसेवक व्हायचं होतं, हेही उघड होतं. दोन्ही गोष्टी एकदम कशा जमवायच्या या विचारात त्याचे केस पिकायला लागले होते.

"गुरुवारी माज्या घरी आल्तास," चंद्रभागा दारातूनच म्हणाली.

"आल्तो. नाय कुठं बोललो?" गोपीनाथनं खुर्ची पुढं केली. ती बसली नाही. "बाटल्या किती, ते लिहायचं व्हतं अर्जात. तू बाजारात गेलेलीस. शालूनं दार अर्धंच उघडलं, हात पदरात. बोलली, आई नाय घरात, संध्याकाळी या. मी उंबऱ्यावरनंच परत आलो. तिला विचार."

"विचारीन. जमीन विकतोस?"

"काकी!"

"विकतोस की नाय?"

"विचारतायत ते. मी हो नाय बोललो अजून." तो घाम पुसायला लागला. "पन बाटल्यांना हात नाय लावला मी. आनि समज, लावला असता, तर येवढा येडा हाय मी? गुरुवारी अवस व्हती. उधानाचं पानी माज्या ह्या पायरीला टेकलेलं, नितळ. बाटली बुडवली की झालं काम. वर खाडीचंच पानी, कुनाच्या बापाला संशय नाय."

चंद्रभागानं पदराखालची बाटली काढली. बूच उघडून परत करंगळी बुडवली. या वेळी तिनं डोळे मिटले आणि घाई केली नाही.

खाडी जिभेवर ठेवली की आधी खारट लागते, मागून कडू येतं, आणि सगळ्यात शेवटी चिखल. लहानपणापासून ती चव तिच्या टाळूला बसलेली होती. या पाण्यात खारटानंतर काही येतच नव्हतं. खारट, आणि मग नुसतं नळाचं पाणी.

"गोपी, हे खाडीचं पानीच नाय."

"मंग?"

"नळाचं. वरनं मीठ कालवलेलं."

गोपीनाथ तिच्याकडं बघत राहिला आणि मग हसला, मोठ्यानं. "मागं येवढी खाडी पसरलेली असताना पान्यात मीठ कोन कालवील, काकी? कंपनीच्या मान्सानं निस्तं नळाचं पानी भरलं असतं, त्याला खारटाशी काय घेनं? आनि गावातला मानूस खाडीवर गेला असता."

तो सहज बोलून गेला. आता ती खुर्चीवर बसली.

कारण बोलला ते खरं होतं. मीठ घालायचं सुचलं ते खाडीकाठच्याच माणसाला. आणि तरी ते माणूस खाडीवर गेलं नाही. का गेलं नाही? अवसेच्या उधाणाला सारा कोळीवाडा बंदरावर असतो, जाळी चढवायला, सुकत घालायला. सात बाटल्या घेऊन तिथून जायचं म्हणजे सात जणींना उत्तर द्यायचं. ज्याला घराबाहेर पडता येत नव्हतं त्यानं घरातल्या पिंपातलं पाणी घेतलं आणि घरातलं मीठ.

तिनं बाटली उजेडाकडं धरली. नितळ पाण्याखाली, तळाला, काळ्या मातीचा बारीक गाळ बसला होता. मडक्यातून मीठ घेतल्यावर तळहाताला चिकटून राहतो तसा.

असं मीठ सगळ्या कोळीवाड्यात एकाच घरात होतं.

५

घरी परत येताना चंद्रभागानं वाट वाकडी केली. देवळाच्या मागून, मग बंदरावरून. ओहोटी लागत होती. नाल्याच्या तोंडाशी पाणी अजूनही खोटं खोटं चमकत होतं.

अजून कोणालाच काही ठाऊक नव्हतं. गाळ तिनं एकटीनं बघितला होता. बाटली वाटेत दगडावर आपटली की झालं. दिवेलागणीला गोपीनाथचं नाव घेतलं तर गाव लगेच विश्वास ठेवील; निम्म्यांनी मनात घेतलंच असेल. घराची अब्रू घरात राहील.

ती बाटली घट्ट धरून तिथं बराच वेळ उभी राहिली. मग तिनं बुचावर अंगठा दाबला आणि घराकडं वळली.

ओट्यावर रघु बसलेला. शालूचा भाऊ, आंबिवलीचा. त्याच रंगाच्या कारखान्यात पोती वाहायला रोजंदारीवर. हातात पेढ्याचा पुडा.

"घ्या मावशी, तोंड गोड करा!"

"कशाचं?"

"पर्मनंट झालो ना! चार वर्षं रखडवलं साल्यांनी. शुक्रवारी सायबानं सोताहून बोलावलं. हातात लेटर दिलं."

शुक्रवार. गुरुवारचा दुसरा दिवस.

चंद्रभागानं पेढा घेतला आणि खाल्ला नाही. "बुधवारी आल्तास तो हेच सांगायला?"

"तवा कुठं झालेलो?" रघुचं हसू थोडं आखडलं. "तवा असाच आलेलो. ताईला बघायला."

"आत आल्तास?"

"नाय. तुम्हीच होतात ना ओट्यावर मच्छी साफ करत. आत पाय नाय टाकला मी, ताईच भाईर आली."

तेही खरं होतं. तिला आठवलं, बहीण-भाऊ दोघं विहिरीपाशी उभे राहून कितीतरी वेळ बोलत होते. रघु हात हलवून सांगत होता आणि शालू मान खाली घालून ऐकत होती. तेव्हा चंद्रभागा मनात म्हणाली होती, माहेरच्या माणसाशी बोलते आहे, बोलू दे.

ती आत गेली. स्वयंपाकघरात शालू नव्हती. कोपऱ्यातलं मिठाचं मडकं होतं, वर मातीची झाकणी उपडी. चंद्रभागानं झाकणी उचलली. वर मीठ होतं, छान सपाट करून ठेवलेलं. तिनं हात घातला. चार बोटं आत गेली नाहीत तोच हाताला फडकं लागलं. खाली जुन्या लुगड्याचा बोळा कोंबून, वरून मिठाचा थर पसरला होता.

अळणी कालवणाचा अर्थ तिला आत्ता लागला. मीठ कमी झालेलं सासूला दिसू नये, पुडी आणायची सोय नाही, मग आहे तेच चिमटीचिमटीनं वापरायचं. आणि मेंदीचाही अर्थ लागला. आणि भाकरीवरच्या जांभळ्या बोटाचाही.

मागच्या दारात सावली पडली. शालू पाण्याची कळशी घेऊन उभी होती आणि सासूचा हात मडक्यात मनगटापर्यंत बुडालेला होता.

"आई," शालू म्हणाली, "संध्याकाळी तुमी काय सांगनार?"

६

दिवेलागणीला अंगण भरलं. मास्तर ओट्याच्या कडेला, गोपीनाथ खांबाला टेकून, कांता सगळ्यात पुढं. रघुला चंद्रभागानं जाऊ दिलं नव्हतं. "पेढे आनलेस, आता वाटूनच जा," म्हणून त्याला ओट्यावर बसवून ठेवलं होतं. शालू दाराच्या आड.

चंद्रभागानं बाटली मास्तरांच्या हातात दिली. तळाचा गाळ दाखवला. पाणी नळाचं कसं, मीठ कोणाला सुचेल, तरी ते माणूस खाडीवर का गेलं नाही, सगळं तिनं बाजारात मासळीचा भाव सांगावा तसं सांगितलं, न थांबता, न अडखळता. मग आतून मडकं आणून सगळ्यांसमोर उपडं केलं. मिठाचा थर सांडला आणि त्यावर फडक्याचा बोळा पडला.

"हे मीठ माज्या घरातलं. म्हंजे चोरी माज्या घरातली. सकाळी कांता बोलली ती खरं बोलली."

कांता आयुष्यात पहिल्यांदाच दोन पावलं मागं सरली.

"शालू, भाईर ये."

शालू आली. रडत नव्हती. अंगणात येऊन तिनं दोन्ही हात पुढं केले. मेंदीच्या लाल रंगाखालून, बोटांच्या पेरांतून आणि नखांच्या कडेनं जांभळा रंग वर आला होता.

"रघुनं सांगितलं मला," ती म्हणाली. "बाटल्यांतलं पानी साफ निघालं तर तो पर्मनंट, आनि शिमग्यानंतर ह्यांनापन कामाला घेतील, असं बोलला त्याचा सायेब. हे वसईला जातात. चार दिवसांनी येतात. रिकामी पाटी घरात ठेवतात आनि माज्याकडं बघत नायत. दोन वर्षं मी ती पाटी बघतेय, आई. मला वाटलं, खाडी तर मेलीच. निदान मानूस तरी घरी येईल."

"ताई, माजं नाव कशाला घेतेस?" रघु अर्धवट उठला.

"बस खाली," चंद्रभागा म्हणाली, आणि तो बसला.

"मीठ कशाला घातलंस?" मास्तरांनी विचारलं. त्यांना राहवलं नाही. "नुसतं पाणी भरलं असतं तर कदाचित कळलंही नसतं."

शालूनं सासूकडं बघितलं. "ह्यांच्या जिभेला भिऊन. घरात काय आलं की ह्या आधी जिभेला लावतात. मला वाटलं, खाडीचं म्हंजे खारं पाहिजे. आंबिवलीची मी, आमच्या नदीचं पानी गोडं. नाल्याची चव मला काय ठाव?"

"आनि ते पानी? जांभळं?" चंद्रभागानं विचारलं. "मोरीत ओतलं असतंस तर गल्लीभर रंग दिसला असता."

"नाय ओतलं. मोरीचं पानी शेवटी खाडीलाच जातं." शालू आत गेली, माळ्यावरून काहीतरी ओढल्याचा आवाज आला, आणि रॉकेलचा जुना प्लास्टिकचा कॅन दोन्ही हातांनी उचलून ती बाहेर आली. मास्तरांनी झाकण काढलं. अंगणात आंबूस वास पसरला. आतलं पाणी शाईसारखं होतं.

गोपीनाथ खांबापासून सुटा झाला. "मंग काय! मिळालं की!"

"नाही मिळालं," मास्तर म्हणाले. "सात दिवसांचं एकत्र झालं. कुठल्या दिवशीचं, कुठल्या ओहोटीचं, काही सांगता येणार नाही. चिठ्ठ्या बाटल्यांवर आहेत, पाणी कॅनमध्ये. त्यांचा वकील म्हणेल, रंगपंचमीचं पाणी आणलंत."

चंद्रभागानं बराच वेळ सुनेच्या हातांकडं बघितलं. मग एक पाऊल पुढं येऊन तिनं ते हात आपल्या हातात घेतले, बाजारात मासळीचे कल्ले उघडून बघावेत तसे उलटेपालटे केले. तीन दिवस घासून, वर मेंदी थापूनही रंग हलला नव्हता.

"तुमी मला चोर म्हना," शालू हळूच म्हणाली. "पन बाटल्या उघडायची भीती मला वाटली नाय, आई. तुमच्याशी बोलायची वाटली."

हे मात्र चंद्रभागाला लागलं. अंगणात सगळ्यांना दिसलं की लागलं. तिची मान क्षणभर खाली गेली, आणि वर आली तेव्हा आवाज नेहमीसारखाच होता, खणखणीत, गल्लीच्या टोकापर्यंत जाणारा.

"चोर नाय तू. चोरानं पानी ओतून दिलं असतं. तू भित्री हायेस, आनि ते निम्मं माजं पाप. पन आता ऐक. ज्यानं तुज्या नवऱ्याचं जाळं रिकामं केलं, त्याच्याच दारात तू त्याला कामाला उभा करनार व्हतीस. ते या घरात व्हनार नाय. उद्या अकराला साहेबाच्या टेबलावर कॅन मी ठेवीन, आनि शेजारी हात तू ठेवशील. कुनी पाठवलं, काय देतो बोलला, सगळं तुज्या तोंडानं सांगशील. रघुला काय बोलायचं ते तो तिथं येऊन बोलंल. तारीख लागली म्हनून झडप मिटवता येते, बाटलीतलं पानी बदलता येतं. ह्या हातांचं काय करनार हायेत ते? रातच्याला लिंबू घे, मेंदी खरवडून काढ. रंगाला हात लावू नको. आनि कल्यानहून येताना वाण्याकडनं पुडीचं मीठ आन. माज्या माहेरचं संपलं म्हनून सगळ्या घरानं अळनी जेवायचं नाय."

शालूनं मान हलवली. चंद्रभागानं तिचे हात सोडले नाहीत.